जीपमधला डबा

एप्रिल २०२१ चा पहिला आठवडा. तालुक्याची बैठक आटोपून आम्ही नऊ जणी एका जीपने मोखाड्याहून खोडाळ्याच्या वाटेला लागलो होतो. मी गटप्रवर्तक, बाकी आठ जणी माझ्या गटातल्या आशा. सकाळपासून कोणाच्या पोटात चहाखेरीज काही नव्हतं. रस्त्याची धूळ आत येत होती म्हणून काचा वर केल्या, मास्क हनुवटीखाली ओढले आणि डबे उघडले. नाचणीची भाकर, सुकटीची चटणी, कोणाचं तरी कैरीचं लोणचं. एकीच्या डब्यातला घास दुसरीच्या हातात. वर्षभर आम्ही पाड्यापाड्यांवर 'अंतर ठेवा' म्हणून सांगत फिरलो होतो. ते अंतर आपसातही ठेवायचं असतं, हे त्या वेळी एकीच्याही मनात आलं नाही. आपल्यातलीच बाई आहे, तिच्यापासून काय व्हायचंय?

ती जीप मी ठरवली होती. दोन गाड्यांचं भाडं कोण देणार, म्हणून सगळ्या एकीत बसवल्या. पाचव्या दिवशी दोघींना ताप आला. आठवडाभरात पाच जणी पॉझिटिव्ह निघाल्या. त्यातली एक अंगात कसर असताना चार दिवस घरोघर फिरत राहिली, कोणाला बोलली नाही. तिच्या सासूबाईंचा ऑक्सिजन उतरला. त्यांना जव्हारला नेलं, तिथून पुढे नेलं. त्या परत आल्या नाहीत. दहाव्याला मी गेले तेव्हा ती आशा पडवीत बसून होती. मला पाहून उठली, पाणी दिलं, आणि रजिस्टर पुढे करून म्हणाली, "ताई, मागच्या आठवड्याच्या भेटी भरल्यात, बघून घ्या." मी ते रजिस्टर बघू शकले नाही.

हे लिहायला मला बरीच वर्षं लागली. पण साथ काही एकदाच येत नाही. पुढच्या वेळी कोणीतरी असंच गाडी ठरवत असेल, म्हणून लिहिते आहे.

आम्ही रुग्णाच्या दारात फार जपून वागायचो. उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, अंगणातच बोलायचं, ऑक्सिमीटर पुसून पुढच्या बोटाला लावायचा. तिथे धोका डोळ्यांसमोर असतो. आम्ही बेसावध राहिलो ते जेवताना, गाडीत, उपकेंद्राच्या बंद खोलीत अहवाल भरताना. आणि कोविड हा आजार असा, की ताप यायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस तो दुसऱ्याला देत असतो. म्हणजे जीपमध्ये शेजारी बसलेली धडधाकट दिसणारी बाई हीच सगळ्यात मोठी धास्ती. त्या दिवशी रस्त्याच्या कडेला आंब्याची गर्द सावली होती. वीस मिनिटं गाडी थांबवून, चार हात अंतरावर बसून जेवलो असतो, तर पुढचं टळलं असतं असं मला आजही वाटतं.

म्हणून माझं पहिलं सांगणं गाडी आणि डबा यांच्याबद्दल. काचा खाली, धूळ आली तरी खाली. तोंडावर मास्क आहेच, तो धुळीलाही चालतो. गाडीत खायचं नाही. खायचं ते उघड्यावर, लांब लांब, आणि आपापल्या डब्यातलं. आपल्याकडे घास दिल्याशिवाय जेवण गोड लागत नाही, हे मलाही कळतं. साथ सरेपर्यंत तेवढं सोसायचं. बैठकीला सगळ्यांना एकाच दिवशी बोलवायचं नाही. बैठक झाडाखाली घ्यायची. आणि दुसऱ्या गाडीचं भाडं आधी मंजूर करून घ्यायचं; ते मिळत नसेल तर बैठक नाही, असं तोंडावर सांगायचं. मी ते सांगितलं नाही.

आता त्या न बोलण्याविषयी. ती आशा चार दिवस गप्प का राहिली, हे मी नंतर तिलाच विचारलं. ती म्हणाली, "ताई, घरी बसले तर मोबदला कोण देणार? आणि पाड्यावर कळलं तर विहिरीवर चढू देतील का?" ही दोन कारणं साथरोगाच्या कुठल्याही माहितीपत्रकात सापडत नाहीत. आशा ही सरकारी नोकर नाही. तिला तेव्हा मुख्यतः कामागणिक पैसे मिळायचे, म्हणजे आजारपणाचा दिवस हा बिनपैशाचा दिवस. कोविडच्या कामासाठी केंद्राकडून महिन्याला एक हजार रुपये ठरले होते. एवढ्या पैशांसाठी माणूस जीव धोक्यात घालतो यावर शहरात कोणी विश्वास ठेवणार नाही, पण ज्या घरात दिवाळीनंतर सगळे वीटभट्टीवर भिवंडी-वसईला जातात आणि मुकादमाची उचल फिटता फिटत नाही, तिथे हजार रुपये म्हणजे महिन्याचं तेल-मीठ असतं. जून २०२१ मध्ये राज्यभरातल्या आशा आणि गटप्रवर्तक संपावर गेल्या. साथीच्या काळात संप कसला, असं आम्हाला पुष्कळांनी ऐकवलं. माझं मत उलट आहे. आजारी पडल्यावर पैसे बुडणार नाहीत ही खात्री म्हणजे मास्कइतकंच संरक्षणाचं साधन आहे, किंबहुना त्याहून मोठं. ती खात्री असती तर आमच्या आशेने पहिल्याच दिवशी ताप सांगितला असता.

विहिरीची भीतीही खोटी नव्हती. मुंबईला पाणी देणारं मध्य वैतरणा धरण आमच्याच तालुक्यात, कोचाळ्याजवळ आहे, आणि आमच्या पाड्यांवर मार्च सरला की टँकरची वाट बघतात. टँकर विहिरीत रिकामा होतो, बाया भोवती गर्दी करतात, दोरीला दोरी लागते. अशा ठिकाणी 'वीस सेकंद साबणाने हात धुवा' म्हणताना माझी जीभ अडखळायची. नंतर आम्ही सांगणंच बदललं. जेवणाआधी आणि बाहेरून आल्यावर, एवढ्या दोन वेळा धुवा. तांब्याभर पाणी पुरतं. विहिरीवर एका वेळी चार जणी, बाकीच्या सावलीला. आणि ज्या घरात आजार आहे त्या घरचे दोन हंडे शेजारणीने भरून दारात ठेवायचे. हे शेवटचं सगळ्यात कामाचं ठरलं. ज्या पाड्यावर शेजारीण पाणी भरायला तयार झाली, तिथे लोक ताप लपवेनात.

सॅनिटायझरबद्दल एक सूचना, कारण ही चूक मी डोळ्यांनी पाहिली आहे. हाताला लावून लगेच चुलीपाशी जाऊ नका. त्यात निम्म्याहून जास्त अल्कोहोल असतं, ते पेट घेतं. हात पुरते कोरडे होऊ द्या.

एन-९५ मास्क कधीच पुरेसे आले नाहीत. पाच मिळाले तर पाच कागदी पिशव्यांवर वार लिहा, रोज एक वापरा, पाच दिवसांनी तोच पुन्हा. धुवायचा नाही, प्लॅस्टिकमध्ये कोंडायचा नाही, सैल झाला की टाकायचा. एप्रिलच्या उन्हात डोंगर चढताना एकट्या असाल तर मास्क काढून श्वास घ्या. उघड्या रानात कोणी नसताना त्याची गरज नाही. वस्ती दिसली की लावा. तापमानाची बंदूक उन्हातून आलेल्या माणसाच्या कपाळाला लावली तर खोटा ताप दाखवते, त्याला आधी सावलीत बसवा. मेंदी लावलेल्या किंवा गार पडलेल्या बोटावर ऑक्सिमीटर फसतो. आणि ही सगळी यंत्रं आधी स्वतःला लावायची. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत, सप्टेंबर-ऑक्टोबर २०२० मध्ये, आम्ही दारोदार ऑक्सिजन मोजला. घरून निघताना स्वतःचा मोजलेली एकही आशा मला आठवत नाही. मीही मोजला नव्हता.

भीतीचा आजार वेगळाच. मार्च २०२० च्या अखेरीस भट्ट्या बंद पडून माणसं पायी परत येऊ लागली तेव्हा पाड्यांनी वाटेवर दगड आणि ओंडके टाकले. रात्री चोर फिरतात, मुलं पळवतात अशा अफवा जिल्हाभर होत्या. १६ एप्रिलच्या रात्री डहाणू तालुक्यातल्या गडचिंचल्यात अशाच अफवेपायी तिघांचा जीव गेला. त्यानंतर मी माझ्या गटापुरता नियम केला. दिवस मावळल्यावर कोणीही अनोळखी वाटेने जायचं नाही. अडलेल्या बाळंतिणीसाठी जावंच लागलं तर पोलीस पाटलाला आधी फोन, आणि सोबत त्याच पाड्यावरचा माणूस. तोंड झाकलेली, पांढरा पोशाख घातलेली बाई अंधारात आपल्यालाही ओळखू येणार नाही. दारात गेल्यावर आधी लांबून मास्क खाली करून चेहरा दाखवायचा, नाव सांगायचं, वारलीत किंवा ठाकरीत, ज्याची जी बोली असेल तीत. मग मास्क वर.

साथीत सेवा करणाऱ्या बाईवरचं संकट नवं नाही. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. रुग्णाला स्वतः पाठीवर घेऊन दवाखान्यात नेणाऱ्या सावित्रीबाई फुले त्या वर्षीच्या १० मार्चला त्याच रोगाने गेल्या. त्याच वर्षी इंग्रजांनी साथरोग कायदा केला. साथीत काम करणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्याच्या अंगावर हात टाकला तर अजामीनपात्र गुन्हा आणि पाच वर्षांपर्यंत कैद, गंभीर इजा झाली तर सात, हे त्या कायद्यात यायला एप्रिल २०२० उजाडावा लागला. सावित्रीबाईंचा फोटो आमच्या उपकेंद्रात आहे. त्यांच्या त्यागाचं भाषण दर ३ जानेवारीला होतं. मला त्या भाषणात आता एकच गोष्ट ऐकावीशी वाटते, की सेवा करणारी बाई वाचलीही पाहिजे.

ती वाचली नाही तर काय होतं ते जव्हार-मोखाड्याला कोणी शिकवायला नको. १९९२ मध्ये वावर-वांगणीत कुपोषणाने बालकं दगावली, तेव्हापासून इथली सगळी आरोग्यसेवा पाड्यावरच्या बाईच्या पायांवर उभी आहे. आमच्या पाच जणी अंथरुणात होत्या त्या तीन आठवड्यांत त्यांच्या पाड्यांवर बाळांची वजनं झाली नाहीत, दोन गरोदर माता तपासणीला आल्या नाहीत. आणि सेवा करणारीच आधी आजारी पडते, हे फक्त इथलं नाही. पश्चिम आफ्रिकेत २०१४-१५ च्या इबोलामध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांना इतर प्रौढांपेक्षा २१ ते ३२ पट जास्त लागण झाली, असं जागतिक आरोग्य संघटनेने नोंदवलं आहे.

कागदांचंही सांगते. मार्च २०२० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचा विमा जाहीर झाला, त्यात आशाही होत्या. पण दाव्याला तपासणीचा अहवाल लागायचा, आणि ही बाई कोविडच्याच कामावर होती असा वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला लागायचा. म्हणून रोज कुठल्या पाड्यावर, कोणाच्या सांगण्यावरून गेलात ते वहीत लिहा आणि आठवड्याला सही घ्या. तोंडी हुकमावर जाऊ नका. आणि लक्षात ठेवा, तो विमा कर्मचाऱ्याच्या मृत्यूचा होता. तिने घरी नेलेल्या आजाराचा नव्हता. आमच्या आशेच्या सासूबाई कुठल्याच रकान्यात बसल्या नाहीत.

त्या घरात एकच खोली होती आणि एक पडवी. वेगळं राहायला सांगायचं तर कुठे? गावातली शाळा वर्षभर बंद होती, किल्ली गुरुजींकडे होती, आणि ती मागायचं मला सुचलं नाही.

जव्हार आणि मोखाडा दोन्ही तालुके पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांच्या पंचायत कायद्याखाली येतात. ग्रामपंचायतीला आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट मिळतो आणि त्यातला आरोग्यावर खर्च करता येतो. सरपंच, सदस्य आणि ग्रामसभेला बसणाऱ्या सगळ्या बायांना माझी विनवणी आहे. साथ नाही, डोकं शांत आहे, तोवर हा विषय घ्या. आशा, अंगणवाडी सेविका आणि नर्सबाई यांच्यासाठी शाळेतली एक खोली, दोन चटया, पाण्याची टाकी आणि एक चालू ऑक्सिमीटर, एवढं ठरावात लिहा. खोलीची किल्ली कोणाकडे राहील ते नावानिशी लिहा. आणि आजारी पडलेल्या आशेच्या घरी त्या महिन्याचं धान्य आणि रोजचे दोन हंडे कोण पोचवेल, तेही त्याच कागदावर लिहून घ्या.