वॉशिंग सेंटर टाकताय? मग गाडी पुसायच्या कापडाचा हिशोब आधी करा

वॉशिंग सेंटर टाकायचं म्हणून जे सल्ला घ्यायला येतात, त्यांच्या वहीत बहुतेक वेळा प्रेशर पंप, फोम गन, रॅम्प, बोअरची मोटर असं सगळं पैशापैशापर्यंत मांडलेलं असतं. आणि अगदी खाली एक ओळ असते, ‘कापड वगैरे, ५०० रु.’ आज फक्त या शेवटच्या ओळीबद्दल बोलू.

गाडीच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट. तो साधारण ४०-५० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. गाडीची सगळी चमक त्याच्यात. पुसताना कापडात अडकलेला मातीचा कण त्याच्यावरून फिरला की कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेषा उमटतात. तुमच्या शेडमध्ये त्या दिसणार नाहीत. गिऱ्हाईक काळी गाडी घेऊन उन्हात गेलं की दिसतात. मग ते परत येऊन भांडत नाही, दुसरीकडे जायला लागतं, आणि का गेलं ते तुम्हाला कधी कळतही नाही. भांडलंच, तर तुम्ही फुकट पॉलिश मारून देणार. पण पॉलिश म्हणजे तोच थर आणखी थोडा घासून कमी करणं, ते किती वेळा करणार?

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात दोन गोष्टींची भर पडते. एक धूळ. उन्हाळ्यात काळ्या मातीचा फुफाटा, हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेले रस्ते, शिर्डी-शिंगणापूर करत आलेल्या लांबच्या गाड्यांवर तर चार जिल्ह्यांची माती. दुसरी गोष्ट बोअरचं पाणी. बऱ्याच ठिकाणी ते क्षाराचं आहे. ते पत्र्यावर सुकलं की पांढरे डाग पडतात आणि काचेवरचे तर निघता निघत नाहीत. म्हणून ‘वाऱ्याने वाळू द्या’ हा सल्ला इथे चालत नाही. पुसावंच लागतं, आणि लवकर पुसावं लागतं.

आता कापडं बघू. आपला सोलापुरी टॉवेल अंगासाठी उत्तमच, त्याला जीआय मानांकन आहे. पण धुऊन धुऊन सुती धागा कडक होतो, गाडीवर लोकर सोडतो, आणि शिवलेली काठ रंगावर घासते. जुनं बनियन, साडीचं फडकं, पंचा यांचं तेच. चाकं पुसा, इंजिन पुसा, बॉडीला लावू नका. डब्यात ओलं गुंडाळून मिळणारं पिवळं, रबरासारखं कापड पाणी भरपूर ओढतं आणि लवकर पिळता येतं, म्हणून कामगारांना आवडतं. अडचण अशी की त्याचा पृष्ठभाग सपाट असतो. मागे राहिलेला मातीचा कण आत शिरायला जागाच नाही, तो कापड आणि रंग यांच्यामध्ये दाबला जातो आणि घासत पुढे जातो. काचेला वापरायचं तर वापरा.

मायक्रोफायबरचे धागे बारीक चिरलेले असतात. पाणी आणि कण त्या फटींमध्ये, उभ्या लवेमध्ये वर ओढले जातात आणि रंगापासून दूर राहतात. लेबलवर ८०/२० किंवा ७०/३० असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा पॉलिएस्टरचा, दुसरा पॉलिअमाइडचा. बॉडी पुसायला पीळ दिलेल्या लांब धाग्यांचा मोठा टॉवेल घ्या, काचेला चौकटी-चौकटीच्या विणीचा पातळ. काठ शिवलेली नसेल तर उत्तम. असेल तर मऊ कापडाची हवी, नायलॉन दोऱ्याची नको. आणि लेबल घरी आल्या आल्या उसवून टाका, ते सगळ्यात टोचरं असतं.

जीएसएमच्या आकड्यावर लोक फार फसतात. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. म्हणजे हे तुम्हाला किराणा दुकानाच्या काट्यावर तपासता येतं! ४० बाय ४० सेंटिमीटरच्या कापडाचं क्षेत्रफळ ०.१६ चौरस मीटर. विकणारा ८०० जीएसएम म्हणत असेल तर ते १२८ ग्रॅमच्या आसपास भरायला हवं. ६५ भरलं तर ते ४०० चंच आहे. ६० बाय ९० चा १२०० जीएसएमचा टॉवेल साधारण ६५० ग्रॅम भरेल. मी स्वतः हे कापड विकतो, तरी सांगतो, माझ्याकडूनही काट्यावर ठेवूनच घ्या. फक्त जास्त जीएसएम म्हणजे जास्त सुरक्षित असं समजू नका. त्याने पाणी जास्त मावतं, इतकंच. पावसाळ्यात असे जाड टॉवेल दोन दोन दिवस वाळत नाहीत आणि वास मारतात.

आणखी दोन तपासण्या. काचेवर थोडं पाणी सांडून त्यावर कापड ओढा. पाणी पुढे ढकललं गेलं तर धागा चिरलेला नाही, कापड परत द्या. आणि जुन्या सीडीच्या चकचकीत बाजूवर ते पंधरा-वीस वेळा घासून उन्हात धरा. रेषा दिसल्या तर गिऱ्हाईकाच्या गाडीवरही दिसणार.

खर्चाचं बोलू. समजा चार मोठे टॉवेल ५०० रुपयांचे आणि बारा छोटे ८० रुपयांचे घेतले. झाले २,९६०. दिवसाला आठ गाड्या, महिन्याला पंचवीस दिवस, सहा महिने चालले तर १,२०० गाड्या. गाडीमागे अडीच रुपयेसुद्धा नाहीत. एक कटिंग चहा यात येत नाही. भाव तुमच्या गावचे घाला, उत्तर फार बदलणार नाही.

पण हे सगळं वाया जातं ते वापरात. गाडीवर चिखल शिल्लक असेल तर जगातलं कुठलंही कापड सुरक्षित नाही. शेवटी गन बंद करून साध्या नळीने वरून संथ पाणी सोडा, बरंचसं पाणी स्वतःच उतरतं. गाडी सावलीत घ्या, टपापासून सुरुवात करा, टॉवेल पसरून हलक्या हाताने सरळ ओढा. गोल गोल नाही, जोर तर अजिबात नाही. खालचे पत्रे आणि दाराच्या फटी वेगळ्या कापडाने.

रंग ठरवून टाका, निळं बॉडीला, पिवळं आतल्या भागाला, लाल चाकांना. धुताना निळी कापडं सुती कपड्यांबरोबर टाकू नका, लोकर चिकटते. कोमट पाणी, थोडी पातळ साबण, पुन्हा पुन्हा खळबळणं. कम्फर्टसारखं फॅब्रिक कंडिशनर आणि ब्लीच बंद, त्याने कापडाची पाणी ओढायची ताकद जाते. नवी कापडं पहिल्यांदा वापरण्याआधीही एकदा धुवा. रस्त्याकडेच्या तारेवर वाळत घालू नका, ट्रक गेला की धूळ परत त्यातच. वाळली की झाकणाच्या डब्यात.

कामगाराला एक नियम पहिल्याच दिवशी सांगा. कापड जमिनीवर पडलं की झटकून परत वापरायचं नाही, थेट धुण्याच्या बादलीत. त्यासाठी हाताशी दोन जादा स्वच्छ टॉवेल ठेवा, नाहीतर गर्दीच्या रविवारी तो झटकणारच.