विषाणूची किल्ली : फरक फक्त एका अक्षराचा

फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्या पटापट मरायला लागल्या आणि बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू भारतात पहिल्यांदा सापडला. लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. पण त्या साथीत माणसाला लागण झाल्याचं एकाही तपासणीत सिद्ध झालं नाही. शेडच्या शेड रिकामी करणारा हा विषाणू माणसापाशी अडला कुठे?

उत्तर आहे, पेशीच्या दारावर.

फ्लूच्या विषाणूच्या अंगावर हिमॅग्लुटिनिन नावाच्या प्रथिनाचे काटे असतात. ही त्याची किल्ली. आपल्या पेशींवर साखरेच्या साखळ्या असतात आणि त्यांच्या टोकाला सायलिक आम्ल असतं. हे झालं कुलूप. हे आम्ल पुढच्या साखरेला दोन प्रकारे जोडलेलं असतं : अल्फा २-३ किंवा अल्फा २-६. पक्ष्यांच्या आतड्यात पहिला प्रकार, तर माणसाच्या नाका-घशात मुख्यतः दुसरा. पदार्थ तोच, फक्त सांध्याची ठेवण वेगळी. होस्टेलवर हीटरची १५ अँपिअरची पिन ५ अँपिअरच्या सॉकेटमध्ये घालून पाहिली असेल, तर मुद्दा लगेच कळेल!

मात्र माणसाच्या फुफ्फुसात अगदी खोलवर २-३ प्रकारही आहे. म्हणून विषाणू तिथवर पोचला तर न्यूमोनिया भयंकर होतो. हाँगकाँगला १९९७ साली १८ जणांना लागण झाली आणि त्यातले ६ दगावले. पण इतक्या खोलातून तो खोकल्या-शिंकेबरोबर सहज बाहेर पडत नाही, त्यामुळे एका माणसाकडून दुसऱ्याकडे फारसा जात नाही.

मग काळजी कसली? काळजी म्युटेशनची. या विषाणूचा जनुकीय मजकूर आरएनएचा, सुमारे साडेतेरा हजार अक्षरांचा. त्याची नक्कल करणाऱ्या यंत्रणेत प्रूफरीडिंगच नाही, त्यामुळे चुका होतच राहतात. बहुतेक चुका वाया जातात. पण हिमॅग्लुटिनिनच्या २२६ व्या जागेवर ग्लुटामिनऐवजी ल्युसिन आलं, तर किल्ली २-६ कुलपाकडे वळू शकते. आणि त्यासाठी आरएनएमधलं एकच अक्षर बदलावं लागतं! १९५७ आणि १९६८ च्या जागतिक साथींच्या विषाणूंमध्ये २२६ व्या जागी हाच बदल होता, जोडीला २२८ व्या जागी ग्लायसिनऐवजी सेरिन. २०२४ मध्ये अमेरिकेत दुभत्या गायींत एच५एन१ पसरला. त्याच्या प्रथिनावर प्रयोग केले तेव्हा २२६ चा एकटा बदलही माणसाच्या कुलपाला चिकटायला पुरेसा ठरला. अर्थात चिकटलं म्हणजे लगेच साथ आली असं नाही, त्याला आणखीही बदल लागतात.

किल्ली कुलपात बसली तरी ती फिरावी लागते. त्यासाठी हिमॅग्लुटिनिनचे दोन तुकडे व्हावे लागतात. सौम्य बर्ड फ्लूमध्ये हे काम करणारी विकरं मुख्यतः आतड्यात आणि श्वसनमार्गात असतात, म्हणून संसर्गही तिथेच राहतो. पण कापायच्या जागी लायसिन-आर्जिनिनची रांग तयार झाली, की फ्युरिन हे विकर तिथे कात्री चालवतं. फ्युरिन जवळजवळ सगळ्याच पेशींत आहे. मग मेंदू, हृदय, काहीच सुटत नाही. नवापूरच्या कोंबड्या इतक्या झपाट्याने मेल्या त्या यामुळे.

आता आपल्या प्रोबॅबिलिटीच्या भाषेत बघा. एका नकलेत नेमकं ते अक्षर बदलण्याची शक्यता नगण्य. पण प्रत्येक आजारी कोंबडीत अब्जावधी नकला होतात आणि प्रत्येक नक्कल म्हणजे एक नवी ट्रायल. माणसाचं कुलूप बदलणं आपल्या हातात नाही. ट्रायल्सची संख्या कमी करणं मात्र आहे. भोपाळच्या प्रयोगशाळेत पक्ष्यांचे आणि पुण्याच्या एनआयव्हीत माणसांचे नमुने तपासले जातात, ते कुठल्या जागेवर काय बदललं हे वेळीच कळावं म्हणून.

नवापूरच्या शेतकऱ्यांनी डोळ्यांदेखत आपल्या कोंबड्या पुरताना पाहिल्या. त्या खड्ड्यांत विषाणूच्या कितीतरी ट्रायल्सही पुरल्या गेल्या. त्यांनी सोसलेल्या नुकसानीत आपल्या सगळ्यांच्या सुरक्षिततेचा हप्ता होता, एवढं तरी आपण लक्षात ठेवूया.