नाताळ पाहायचा तर पणजीत राहा

पालकहो, नाताळात गोव्याला जायचं असं एकदा ठरलं की घरात सगळ्यात आधी हॉटेलं बघायला सुरुवात होते. पोहण्याचा तलाव आहे का, बीच किती मिनिटांवर, नाश्ता धरून किती पडतात. माझं म्हणणं, हॉटेल मागाहून. आधी शाळेची डायरी काढा आणि गॅदरिंग कधी आहे ते बघा. डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात कितीतरी शाळांची स्नेहसंमेलनं असतात, आणि कोळीनृत्यात अगदी मागच्या रांगेत उभं राहायचं असलं तरी पोरांच्या लेखी तो दिवस गोव्याहून मोठा असतो. शिवाय स्टेट बोर्डाच्या पुष्कळ शाळांना नाताळची म्हणून सलग सुट्टी नसतेच. दोन दिवस शाळा बुडणार असेल तर वर्गशिक्षकांना खरं कारण सांगून परवानगी घ्या. मुलाच्या हाती तापाची चिठ्ठी देऊ नका. परतल्यावर पहिल्याच मधल्या सुट्टीत तो सगळ्या वर्गाला समुद्राच्या गोष्टी सांगणार आहे.

मग तारखा. नाताळ आणि थर्टी फर्स्ट यांची आपण एकच मोट बांधतो. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत २४ आणि २५ डिसेंबर हे घरचे दिवस असतात. बाहेरगावी, परदेशी गेलेली माणसं परत येतात, घराला रंग चढतो, व्हरांड्यात कागदी चांदणी लागते. सत्तावीस-अठ्ठावीसनंतर जे सुरू होतं ती आपली, बाहेरच्यांची जत्रा. खोल्यांचे भाव चढतात, कळंगुट-बागाच्या रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलानं सरकतात आणि रात्रभर ढणढणाट. मुलं बरोबर असतील तर बावीस-तेवीसला पोचावं आणि सत्तावीसला परतीची गाडी धरावी. ३१ डिसेंबरला गावोगाव जुन्या वर्षाचा ‘म्हातारा’ करून जाळतात, तो बघायचा राहील. राहू दे.

राहायचं मात्र पणजीत. पणजी म्हणजे कदंबाच्या स्टँडवर उतरून म्हापशाची बस पकडायचं ठिकाण, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत असते. पण शहर म्हणून मुलांना पायी फिरवावं असं किनाऱ्यावर दुसरं गाव मला तरी सुचत नाही. मांडवीच्या काठानं चालत निघालं की जुन्या सचिवालयाशेजारी एक पुतळा लागतो: झगा घातलेला एक धर्मगुरू दोन्ही हात पुढे रोखून उभा, आणि समोर एक बाई मागे कलंडलेली. हे आबे फारिया. १७५६ साली कांदोळीत जन्मले आणि पुढे पॅरिसमध्ये संमोहनविद्येसाठी गाजले. पुतळा मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला, १९४५चा. कोणत्याही वयाचं पोर इथे थांबतं आणि विचारतं, “हा माणूस तिला काय करतोय?” या एका प्रश्नावर अर्धा तास निघतो आणि त्याला तिकीट लागत नाही.

तिथून वर चर्च चौकात आलं की ती नागमोडी पांढरी जिन्यांची रांग. या चर्चची घंटा जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टीनच्या पडक्या मठातून आणलेली आहे. दुसऱ्या दिवशी जुन्या गोव्याला गेलात तर त्या मठाचा भग्न मनोरा दाखवता येतो. जुन्या गोव्यात बॉम जेझूची बासिलिका आणि से कॅथेड्रल एवढं पुरे. बॉम जेझूमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियरचं शरीर उंचावर चांदीच्या पेटीत आहे. लहान, हळव्या मुलांना ते आत शिरण्याआधी सांगून ठेवा. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे घालावेत, आईबाबांनीही. आणि दादाला-ताईला ‘इथे एवढी चर्चं कशी’ असा प्रश्न पडला तर उत्तर टाळू नका. १५१० ते १९६१, साडेचारशे वर्षं इथे पोर्तुगीजांचं राज्य होतं. १९ डिसेंबरला गोव्याचा मुक्तिदिन, म्हणजे तुम्ही पोचाल त्याच्या जेमतेम तीन-चार दिवस आधी. आझाद मैदानावरचं स्मारक चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

आता मला खरं जे बोलायचं आहे ते. सण दुसऱ्याचा असतो तेव्हा आपण पाहुणे असतो, आणि पाहुण्यानं कसं वागायचं हे आपण मुलांना कधी सांगतच नाही. आपल्याकडे गणपतीला आलेला माणूस सरळ देवघरात शिरून मूर्तीला हात लावून सेल्फी काढू लागला तर? पणजीच्या फोंतेन्यासमध्ये, म्हणजे मळ्यात, नेमकं हेच चालतं. पिवळ्या, निळ्या, गेरूच्या रंगाच्या घरांची ती जुनी वस्ती आहे. आपण तिला ‘स्पॉट’ म्हणतो. त्या घरांत माणसं राहतात. म्हाताऱ्या बायका दुपारी पडलेल्या असतात, आणि त्यांच्या पायरीवर कुणीतरी पोझ देऊन बसलेलं असतं. वैतागून लोकांनी ‘फोटो काढू नका’ अशा पाट्या लावल्या आहेत. तिथे जरूर जा, पण सकाळी, आवाज खाली ठेवून. दारातल्या माणसाशी नजरानजर झाली तर हसा. फोटो हवा असेल तर मुलालाच विचारायला पाठवा. मुलं विचारतात तेव्हा माणसं सहसा नाही म्हणत नाहीत, आणि म्हणालीच तर नकार ऐकून परत फिरणं हेही मुलानं त्याच गल्लीत शिकावं.

मध्यरात्रीच्या मिस्साचं, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेचं, तसंच. २४च्या रात्री चर्चमध्ये जाता येतं का, हे मला नेहमी विचारतात. शांतपणे मागे उभं राहायचं असेल तर सहसा कुणी अडवत नाही. गर्दीमुळे कितीतरी ठिकाणी प्रार्थना चर्चसमोरच्या पटांगणात होते, तिथे तर आणखी सोपं. फक्त एक गोष्ट आधी घरी सांगून ठेवा. शेवटाकडे लोक रांग लावतात आणि फादर एकेकाला पातळ पांढरी चकती देतात. आपल्या मुलांना तो प्रसाद वाटतो, आणि प्रसादाच्या रांगेत उभं राहायचं त्यांना लहानपणापासून वळण असतं. ते कम्युनियन आहे. ज्यांनी त्या धर्माची दीक्षा घेतली आहे आणि कम्युनियनची तयारी केली आहे त्यांच्यासाठीच. आपण जागेवरच राहायचं. ‘आपल्याला का नाही?’ याचं साधं उत्तर, ‘कारण ते त्यांचं आहे.’ सहा-सात वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्रीपर्यंत ताणू नका, ती तुमच्या खांद्यावर झोपतील आणि दुसरा दिवस रडण्यात जाईल. त्यांच्यासाठी संध्याकाळी गोठे बघायची फेरी पुरते.

हे गोठे म्हणजे येशूजन्माचे देखावे. घराघरांत असतात, आणि वाड्यावरची पोरं मिळूनही करतात. मळ्याच्या एका गल्लीच्या तोंडाशी पाहिलेला एक गोठा मला आठवतो. गवताचं छप्पर, निळ्या प्लास्टिकची नदी, पत्र्याच्या डब्यांत पेरून उगवलेली नाचणी शेत म्हणून मांडलेली, आणि मेंढ्यांच्या कळपात एक हिरवा डायनासोर. आमच्यातल्या एका चौकस मुलीनं विचारलंच, हा इथे कसा? गोठा करणारा दहाएक वर्षांचा मुलगा गंभीरपणे म्हणाला, “तो राखणदार.” पुढचा पाऊण तास ती दोघं तिथेच होती, आणि आमची ठरलेली बोट चुकली. बोटीचं कुणाला काही वाटलं नाही.

बोटीवरून आठवलं. संध्याकाळी मांडवीवर दिवे लखलखणारी मोठी जहाजं दिसतात आणि मुलं विचारणारच. ते जुगाराचे अड्डे आहेत, तिथे लोक पैसे लावतात आणि बहुतेक हरतात, एवढं नवव्या-दहाव्या वर्षी सांगायला काही हरकत नाही. कोपऱ्याकोपऱ्यावरच्या दारूच्या दुकानांचंही असंच. ‘तिकडे बघू नको’ म्हटलं की पोर तिकडेच बघतं.

जलसफरच हवी असेल तर रायबंदरहून चोडणच्या बेटावर फेरीबोट जाते. पलीकडे सलीम अली पक्षी अभयारण्य आहे; कांदळवन, खेकडे, चिखलात उड्या मारणारे मासे, नशिबात असेल तर खंड्या. आणि समुद्राचं म्हणाल तर पणजीचा मिरामार हा संध्याकाळी वाळूत किल्ले करायला चांगला किनारा, पोहायला नाही. नदीच्या मुखाशी पाण्याला ओढ असते. पाण्यात उतरायचं तर जिथे जीवरक्षक आहेत तिथेच, आणि त्यांची पाळी संध्याकाळी संपते हे लक्षात ठेवून.

दुपारचं काही ठरवू नका. एक वाजला की पणजीतली जुनी दुकानं शटर ओढतात आणि तीन-चारपर्यंत उघडत नाहीत. २५ला तर खाणावळीही पुष्कळ बंद असतात, म्हणून त्या दिवशीच्या जेवणाची सोय आदल्या दिवशीच विचारून ठेवा. या रिकाम्या दुपारला पुष्कळ बाबा घाबरतात. पैसे भरून आलोय आणि झोपायचं? हो, झोपायचं. पत्ते खेळायचे. आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांच्यासाठी ट्रिपचा सगळ्यात आवडता भाग हाच असतो.

खाण्याचे लाड सकाळी करा. सायकलवरून पोदेर, म्हणजे पाववाला, भोंगा वाजवत येतो. त्याच्याकडून गरम पोई नाहीतर कडक कांकणं घ्यायला मुलांना सुटे पैसे देऊन खाली पाठवा. पातळभाजी आणि पोई हा नाश्ता शाकाहारी घरांनाही चालतो. नाताळचा फराळ आपल्या ओळखीचाच निघतो: नेवऱ्या म्हणजे करंज्याच, शिवाय कुलकुल, दोदोल, चणाडाळीचं दोस. बिबिंका या मिठाईचा एक थर भाजला की त्यावर दुसरा ओतायचा, असं करत करत ती होते, हे सांगितलंत तर पोरं खाण्याआधी थर मोजतात. हिशेबाची वही बारा-तेरा वर्षांच्या मुलाकडे द्या. एका दिवसाची रक्कम ठरवून द्या आणि त्यात काय बसवायचं ते त्याला ठरवू दे. हट्ट निम्म्यावर येतो, कारण आता नाही म्हणणारा तोच असतो.

गोवा झेपणार नसेल, सुट्टीचा किंवा पैशांचा मेळ बसत नसेल, तर मुंबईकरांनी वसईला जावं. तिथल्या चर्चमध्ये नाताळची प्रार्थना मराठीत होते, आणि लोकलनं जाऊन रात्री घरी परत येता येतं. ही दुय्यम सोय म्हणून सांगत नाही.

गोव्याला स्वतःच्या गाडीनं जाणाऱ्यांना मी मुंबई-गोवा महामार्गाबद्दल काही सांगत नाही, त्यांना माहीत आहे. मुलांसाठी दिवसाची मांडवी एक्सप्रेस उत्तम. साडेसहा किलोमीटरचा करबुड्याचा बोगदा, रत्नागिरी सोडल्यावर ६४ मीटर उंच पानवल नदीचा पूल, आणि गाडीतलं खाणं. पणजीला स्टेशन नाही, करमळीला उतरायचं. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. पाच ते बारामधल्याला वेगळा बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं, नको असेल तर अर्धं.

आणि आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० दिवस आधी नाही. २२ डिसेंबरचं तिकीट २३ ऑक्टोबरला सकाळी आठला, २७च्या परतीचं २८ ऑक्टोबरला. दिवाळीच्या आगेमागे ही तारीख हमखास निसटते, तेव्हा फराळाच्या यादीवरच ती लिहून ठेवा. परतीचं तिकीट मिळाल्याशिवाय हॉटेलला पैसे भरू नका.