उन्हाळ्यातील घरगुती पेये

काजू गोळा करायला, उन्हाळी भुईमुगाला पाणी पाजायला आपण भर उन्हात रानात जातो. घामाबरोबर अंगातले पाणी जाते, तसेच मीठही जाते. डोके दुखणे, पायात गोळे येणे, लघवी थोडी व गडद पिवळी होणे ही त्याची चिन्हे. म्हणून तहानेची वाट न पाहता थोडे थोडे पीत राहावे.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही एका लग्नाला गेलो होतो. मासळीसाठी मिळणाऱ्या बर्फाची लादी फोडून सरबतात टाकलेली पाहिली. दुसऱ्या दिवशी कितीतरी घरांत जुलाब-उलट्या! तेव्हा पहिला धडा पाण्याचा. पाणी खळखळून उकळावे, निवल्यावर स्वच्छ माठात भरून झाकावे आणि दांड्याच्या ओगराळ्याने काढावे. माठातून पाझरलेले पाणी सुकताना उष्णता ओढून घेते. म्हणून माठ सावलीत, वाऱ्यावर ठेवावा.

आता तीन पेये :

1. कोकम : 8-10 आमसुले 4 पेले पाण्यात अर्धा तास भिजवून कुस्करावीत, गाळावीत. गूळ व जिरेपूड घालावी. आमसुलांत मीठ असते, म्हणून चव घेऊनच वरून घालावे. बिनकल्हईच्या तांब्या-पितळेत हे ठेवू नये.

2. पन्हे : 2 कैऱ्या उकडून गर काढावा. गराच्या दीडपट गूळ, चिमूटभर मीठ व वेलची मिसळावी. पिताना एका वाटीला तीन वाट्या पाणी घालावे.

3. ताक : 1 वाटी दही, 3 वाट्या पाणी, मीठ, जिरे व आले. सर्वांत स्वस्त आणि रोजचे. मात्र केले त्याच दिवशी संपवावे.

मधुमेह असणाऱ्यांनी गूळ-साखर टाळावी. रक्तदाब असणाऱ्यांनी मिठाविषयी डॉक्टरांना विचारावे. सहा महिन्यांखालील बाळाला फक्त आईचे दूध द्यावे. जुलाब झाल्यास आरोग्य केंद्रातील क्षार-साखरेची पुडी आणावी. ती मिळेपर्यंत 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 6 सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून द्यावे. उन्हाने शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि ताबडतोब दवाखाना गाठावा.

रानात निघताना कोयत्याबरोबर ताकाची बाटलीही घ्यावी. आणि लग्नघरच्या यजमानांनी बर्फाचा खर्च वाचवून मांडवात दोन माठ जास्त मांडावेत.