जनावराची निगा: जुनी मोटरसायकल, पेट्रोल आणि हवा



लूककृत शुभवर्तमानाच्या १० व्या अध्यायातील चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपल्याला तोंडपाठ आहे. जखमांवर ओतलेले तेल आणि द्राक्षारस, उतारशाळा, उतारशाळेच्या रखवालदाराला दिलेले पैसे, या सगळ्यांवर आपण उपदेश ऐकले आहेत. त्या जखमी माणसाला उतारशाळेपर्यंत ज्याने वाहून नेले त्या जनावराबद्दल मात्र क्वचितच कोणी बोलते. ते जनावर त्या दिवशी ओझे घेऊन चालण्याजोगे होते. म्हणजे कोणीतरी त्याला वेळेवर दाणापाणी केले होते, त्याचे खूर तपासले होते. आपल्या जनावराच्या जिवाकडे लक्ष देणे हे नीतिमान माणसाचे लक्षण आहे, असे नीतिसूत्रांच्या १२ व्या अध्यायातही सांगितले आहे.

आरे कॉलनीतील आपल्या सेवेत ते जनावर म्हणजे जुनी मोटरसायकल. आपल्यापैकी कित्येकांनी नवी गाडी घेतल्यावर जुनी गाडी या कामासाठी दिली आहे. ती नुसती उभी राहू नये म्हणून हा पाठ. कार्यकर्त्यांच्या बैठकीत तो आम्ही गाडी समोर ठेवून घेतो. इथे शब्दांतच भागवावे लागेल.

आधी गाडी का लागते ते सांगतो. दूध कॉलनी म्हणून १९४९ साली वसवलेल्या या आरेत वारली, कोकणा, मल्हार कोळी, महादेव कोळी अशा समाजांचे पाडे त्याच्याही आधीपासून आहेत. केलटीपाडा, खांबाचा पाडा, प्रजापूरपाडा, मरोशीपाडा ही नावे आपण प्रार्थनेच्या यादीत वाचत असता. गोरेगावहून पवई-मरोळकडे जाणारा मोठा रस्ता ठीक आहे, आणि २०२४ मध्ये मेट्रो ३ चे आरे स्थानकही सुरू झाले. पण मोठ्या रस्त्यापासून पाड्यापर्यंतचा शेवटचा तुकडा पायवाटेचा, उताराचा, पावसात चिखलाचा असतो. क्षयरोगाच्या रुग्णाला गोळ्या चालू आहेत का पाहणे, गरोदर बाईला तपासणीला नेणे, रात्री साप चावलेल्याला दवाखान्यात पोहोचवणे, हे सगळे त्या तुकड्यावर अडते. आणि रात्री या रस्त्याने बिबट्या फिरतो, हे मुंबईकरांना वर्तमानपत्रातून आणि पाड्यातल्या लोकांना अंगणातून माहीत आहे. अशा जागी गाडी बंद पडून किक मारत उभे राहणे म्हणजे केवळ गैरसोय नव्हे.

आपल्याकडे येणाऱ्या गाड्या बहुतेक कार्बोरेटरच्या आहेत. १९९४ साली आलेली स्प्लेंडर आणि तिच्या बहिणी. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम आल्यावर नव्या गाड्यांत बहुधा फ्युएल इंजेक्शन आले. तिथे बिघाड शोधायला यंत्र लावावे लागते. कार्बोरेटरच्या गाडीला डोळे, नाक, कान आणि एक पान्हा पुरतो. गरिबाच्या कामाला ही गाडी म्हणूनच सोयीची आहे असे माझे मत आहे. ॲव्हरेजच्या हिशेबात नवी गाडी सरस असेल, पण पाड्यावर ती बंद पडली तर ती तिथेच राहते.

कार्बोरेटर काय करतो

टाकीतून पेट्रोल आपल्या वजनाने खाली येते आणि कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीत, म्हणजे फ्लोट चेंबरमध्ये, साठते. वाटीत एक तरंगणारा फ्लोट असतो. पातळी वर आली की तो सुईने वाट बंद करतो. घराच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखेच. इंजिन हवा ओढते, ती हवा कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून वेगाने जाते, तिथे दाब कमी होतो आणि वाटीतले पेट्रोल जेटच्या केसाएवढ्या भोकातून वर चढून हवेत मिसळते. वजनाने पाहिले तर एका भागाला साधारण पंधरा भाग हवा. एक लिटर पेट्रोल जाळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. हा आकडा ऐकून आमचे तरुण कार्यकर्ते नेहमी चकित होतात. आपण पैसे पेट्रोलचे देतो, म्हणून लक्षही पेट्रोलकडेच असते. गाडी मात्र मुख्यतः हवेवर चालते.

म्हणून या भागातला जवळजवळ प्रत्येक बिघाड दोनपैकी एक असतो: पेट्रोल कमी पडते आहे किंवा हवा कमी पडते आहे. कोणता, हे गाडीलाच विचारायचे. स्क्रू फिरवण्याआधी आणि कार्बोरेटर खोलण्याआधी.

गाडीला विचारायचे दोन प्रश्न

पहिला प्रश्न प्लगला. दहा-बारा किक मारूनही गाडी सुरू झाली नाही तर प्लग काढून पाहा. कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचतच नाही. टाकीपासून खाली शोधत या. ओला असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल पोहोचले आहे, कदाचित जास्तच. मग ठिणगी आणि हवा पाहा. चालत्या गाडीचा प्लगही बोलतो. टोक फिक्या चहाच्या रंगाचे असेल तर मिश्रण बरे आहे. पांढरेफट म्हणजे पेट्रोल कमी, काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी.

दुसरा प्रश्न चोकला. चोक ओढला की हवेची वाट अडते आणि मिश्रणात पेट्रोल वाढते. गाडी गरम झाल्यावर अडखळत असेल तर चालतानाच चोक थोडा ओढून पाहा. ती सुधारली तर पेट्रोल कमी पडत होते किंवा कुठून तरी फुकटची हवा आत शिरत होती. ती आणखी बिघडली, धूर आला, तर पेट्रोल आधीच जास्त आहे. या एका कृतीने अर्धे काम होते आणि तिला एक पैसा लागत नाही.

पेट्रोल कमी पडते आहे असे उत्तर आले तर पाण्याच्या नळासारखे वरून खाली या. सर्वांत वर टाकीचे झाकण. त्यात एक बारीक श्वासछिद्र असते. पेट्रोल खाली जाते तसतशी तेवढी हवा टाकीत यावी लागते. छिद्र बुजले की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल थांबते. आपल्या एका गाडीचे असेच झाले होते. मरोळकडून निघाली की तीन-चार किलोमीटरवर बंद. दहा मिनिटे उभी केली की पुन्हा सुरू. एका गॅरेजने नवा कार्बोरेटर घालायला सांगितले, दोन-अडीच हजारांचा अंदाज दिला. आमच्या एका कार्यकर्त्याने, वारली समाजातल्याच एका तरुणाने, गाडी बंद पडताच टाकीचे झाकण उघडले. फुस्स आवाज आला आणि गाडी पहिल्या किकला सुरू झाली. छिद्रात चिखल वाळला होता. तो टाचणीने निघाला. तेव्हापासून बैठकीत हा पाठ तोच घेतो आणि मी शेजारी बसून ऐकतो.

झाकण ठीक असेल तर कार्बोरेटरकडे जाणारी पेट्रोलची नळी काढून बाटलीत धरा आणि कॉक उघडा. धार सलग हवी. थेंब थेंब येत असेल तर कॉकमधली जाळी किंवा मधला फिल्टर कचऱ्याने भरला आहे. जुन्या टाकीला आतून गंज धरतो आणि त्याची तांबडी पूड खाली उतरते. अशा गाडीचा फिल्टर नुसता बदलून भागत नाही, टाकीही धुवावी लागते. गाडी रिझर्व्हवर गेल्यानंतरच त्रास देत असेल तर तळाचा गाळ आणि पाणी यांच्यावर पहिला संशय घ्या.

पाण्याचा विषय थोडा सविस्तर सांगायला हवा. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. आरेच्या पावसात महिनाभर उभ्या गाडीच्या टाकीत तो साचत जातो, आणि पाणी हद्दीबाहेर गेले की पाणी व इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसतात. कॉक नेमका तळातूनच घेतो. गाडी मग सुरू होत नाही, झाली तर फटफटून बंद पडते. तपासायला फ्लोट चेंबरच्या तळाचा निचऱ्याचा स्क्रू सैल करा, आतले पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत घ्या आणि थोडा वेळ ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर ते पेट्रोल टाकून द्यायचे, गाळून वापरायचे नाही. याच इथेनॉलमुळे जुन्या गाडीचे मिश्रण थोडे कोरडे होते. सकाळी चोक जरा जास्त वेळ लागतो. तेवढ्यावरून गाडी बिघडली असे समजू नका. जुनी रबरे मात्र फुगतात आणि तडकतात. नळीला बोटाने दाबून पाहायची सवय ठेवा.

इथवर सगळे ठीक असेल तर जेट. स्लो जेट बुजला की गाडी चोकवरच सुरू होते आणि रेस सोडताच बंद पडते. मेन जेट बुजला की हळू बरी चालते, पण वेग घेताना दम तोडते. जेट पितळेचा असतो. त्यात तार किंवा सुई घालू नका. भोक जराही मोठे झाले तर ॲव्हरेज कायमचे गेले. काढून पेट्रोलने धुवा, हवेने फुंका, उजेडाकडे धरून भोक गोल दिसते का पाहा. एअर स्क्रूला हात लावण्याआधी तो पूर्ण आत जाईपर्यंत किती फेरे बसतात ते मोजून कागदावर लिहा आणि परत तेवढेच उघडा.

फुकटच्या हवेबद्दल. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या सांध्यात रबरी रिंग असते. ती कडक झाली की तिथून हवा शिरते. गाडीची स्लो एकदम वाढलेली राहते, रेस सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट होते. गाडी चालू ठेवून त्या सांध्यावर साबणाच्या पाण्याचे चार थेंब सोडा. आवाज बदलला तर दोष तिथेच आहे. रिंग अगदी स्वस्तात मिळते.

आता उलट बाजू, म्हणजे हवा कमी. आरेत तबेले आहेत, वाळलेल्या गवताचा भुसा आहे, उन्हाळ्यात मातीची धूळ आहे. त्यामुळे एअर फिल्टर शहरातल्यापेक्षा लवकर भरतो. फोमचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुवून पूर्ण वाळवा, थोडे इंजिन ऑइल लावून पिळून बसवा. कागदी असेल तर धुवायचा नाही. आतून बाहेर हवा मारा, आणि काळाच झाला असेल तर बदला. फिल्टर काढून तशीच गाडी चालवणारे पुष्कळ आहेत. पिकअप बरा वाटतो खरा, पण धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते आणि पावसाळ्याआधी पिस्टनचे काम निघते. फिल्टरच्या डब्यात हातही घालून पाहा. पाड्यावर उभ्या गाडीत उंदीर चिंध्या भरतात, आणि कुंभारीण माशी नळीच्या तोंडाशी मातीचे घर बांधते. बिचारी तिचे काम करते.

कार्बोरेटरखालच्या नळीतून पेट्रोल गळत असेल तर फ्लोटची सुई अडकली आहे. आधी कॉक बंद करा. डिपस्टिक काढून वास घ्या. इंजिन ऑइलला पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी सुरू करू नका. पातळ झालेले ऑइल इंजिन खाते.

देणगीदारांसाठी

गाडी देणाऱ्यांना एक विनंती. सहा महिने उभी असलेली गाडी द्यायची असेल तर आधी तिची टाकी आणि फ्लोट चेंबर रिकामे करून द्या. कागदपत्रेही पाहा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे तपासणी करून नूतनीकरण लागते. त्याचा खर्च आम्हाला कधी कधी गाडीच्या किमतीएवढा पडतो. गाडी नसेल तर एअर फिल्टर, पेट्रोल फिल्टर, प्लग, हातभर पेट्रोलची नळी आणि सांध्याची एक रिंग एवढा संच द्या. प्रत्येक गाडीच्या सीटखाली असा एक संच ठेवायचा आमचा प्रयत्न आहे.

कार्यकर्त्यांना शेवटची सूचना, आणि ती गाडीसाठी नाही. हे सगळे काम उघड्यावर, इंजिन गार झाल्यावर करा. चूल, विडी, दिवा यांच्यापासून लांब. नळीने तोंडाने पेट्रोल ओढू नका. काढलेले पेट्रोल थंड पेयाच्या बाटलीत भरून झोपडीच्या कोपऱ्यात ठेवायचे नाही. लहान मूल ते सरबत समजून पिते. तसे कधी घडलेच तर उलटी करवू नका, कारण पेट्रोल फुप्फुसात उतरते. मुलाला तसेच ताबडतोब दवाखान्यात न्या आणि बाटली सोबत घ्या.