'एल्डर' की 'ओल्डर'?



वसतिगृहातील मुले इंग्रजीत आभारपत्रे लिहितात, त्यांत एक वाक्य हमखास सापडते : 'माय ब्रदर इज एल्डर दॅन मी.' अर्थ कळतो, पण इंग्रजीत ते चूक. सुट्टीत अभ्यासवर्ग घेणाऱ्या आपल्या तरुणांनी नुसती लाल रेघ न मारता मुलाला कारणही सांगावे, म्हणून हा पाठ.

मराठीत तुलना करताना विशेषण बदलत नाही. 'मोठा' हा 'मोठा'च राहतो, सगळे काम 'पेक्षा' करतो. शिवाय मोठा वयानेही आणि अंगानेही. ज्याच्या घरी भिल्ली किंवा वारली बोलतात, त्या मुलाला मराठी दुसरी आणि इंग्रजी तिसरी भाषा. 'मोठा भाऊ' म्हणजे 'एल्डर ब्रदर' हे तो शिकलेला असतो. 'पेक्षा'साठी तो 'दॅन' जोडतो. त्याचा विचार सरळच आहे, वाकडेपणा इंग्रजीचा आहे!

'ओल्ड'ची तुलनेची रूपे दोन. 'एल्डर' हे जुने, एकेकाळी तेच चालत असे. 'ओल्डर' मागाहून आले आणि सगळीकडे पसरले. जुने रूप घरातल्या नात्यांपुरते उरले. म्हणून 'एल्डर' माणसालाच लावतात आणि नामाच्या आधी ठेवतात : 'माय एल्डर सिस्टर'. त्याच्यापुढे 'दॅन' येत नाही. तुलना करायची तर 'ही इज ओल्डर दॅन मी'. झाड, घर, बैल यांनाही 'ओल्डर'च. 'बिगर' लिहिले तर भाऊ अंगापिंडाने मोठा असा अर्थ होईल. मूल गोंधळले तर सरळ 'ओल्डर' लिहू द्यावे. 'माय ओल्डर ब्रदर' हेही शुद्धच आहे.

एकाच नावाची दोन माणसे ओळखायलाही 'एल्डर' येतो. इंग्लंडचे दोन पंतप्रधान, बाप आणि लेक, दोघेही विल्यम पिट. त्यांतला बाप 'पिट दि एल्डर'. आपण थोरले बाजीराव म्हणतो, तसेच.

मंडळीतला 'एल्डर' मात्र नाम आहे, पद आहे. त्यामागचा ग्रीक शब्द 'प्रेस्बुतेरोस' हाही मुळात तुलनेचेच रूप, म्हणजे 'अधिक वयाचा'. 'प्रेस्बिटेरियन' हे नाव त्यावरूनच पडले. गंमत अशी की लूक १५ मधल्या उधळ्या पुत्राच्या थोरल्या भावालाही ग्रीकमध्ये हाच शब्द आहे. 1611 च्या किंग जेम्स भाषांतरात तो 'एल्डर' आहे, तर न्यू इंटरनॅशनल व्हर्शनमध्ये 'ओल्डर'. मराठीतले 'वडील' याच जातीचे : वडील भाऊ, मंडळीचे वडील आणि जन्मदाते वडीलही.

'एल्डेस्ट' तीन किंवा अधिक जणांत सर्वांत मोठ्याला. दोनच बहिणी असतील, तर मोठी 'एल्डर'.