सोर्सच्या यादीतला पत्ता

डेबियन वापरणाऱ्या एका छोट्या कंपनीत सर्व्हरसाठी स्वतःची रिपॉझिटरी होती. तयार पॅकेजं बिनबोभाट इन्स्टॉल व्हायची, म्हणून सोर्सकडे कुणी पाहत नव्हतं. मग एका लायब्ररीत सुरक्षेची दुरुस्ती तातडीने करायची वेळ आली. सिस्टिम अ‍ॅडमिनने ‘एपीटी-गेट सोर्स’ चालवलं, तर उत्तर आलं ४०४. फाइल तर सर्व्हरवर डोळ्यांसमोर दिसत होती!

घोळ पत्त्याचा होता. सोर्स पॅकेजांची यादी ‘सोर्सेस’ नावाच्या फाइलमध्ये असते. ‘डीपीकेजी-डेव्ह’मधलं ‘डीपीकेजी-स्कॅनसोर्सेस’ सांगितलेल्या फोल्डरमधल्या डीएससी फाइली शोधतं आणि प्रत्येकीची नोंद करतं: नाव, आवृत्ती, बिल्डला लागणारी पॅकेजं, फाइलींचे चेकसम आणि ‘डिरेक्टरी’. ही ‘डिरेक्टरी’ एपीटी रिपॉझिटरीच्या मूळ यूआरएलला जोडतं. इथे कमांड ‘पूल’ फोल्डरमध्ये शिरून चालवली गेली होती, त्यामुळे पत्त्यातून ‘पूल’च गळलं. कमांड रिपॉझिटरीच्या मुळाशी उभं राहूनच द्यावी, आणि यादी तयार झाली की त्यातली एखादी ‘डिरेक्टरी’ची ओळ स्वतः वाचावी.

पत्ता सुधारला, तरी डाउनलोड चेकसमवर अडलं.

हा दुसरा घोळ जास्त त्रासाचा, कारण तो यादी बनवताना दिसतच नाही. पॅकेजची नवी रिव्हिजन करताना कुणीतरी गिटमधून मूळ टारबॉल पुन्हा काढला होता. कोड तोच असला तरी नव्याने गुंडाळलेल्या टारबॉलचा चेकसम बदलू शकतो. नव्या डीएससीत नवा चेकसम गेला, सर्व्हरवर मात्र त्याच नावाचा जुना टारबॉल राहिला. ‘डीपीकेजी-स्कॅनसोर्सेस’ टारबॉलचे चेकसम डीएससीतून उचलतं, प्रत्यक्ष टारबॉल उघडून ताडून पाहत नाही. म्हणून यादी बनवण्याआधी ‘डेव्हस्क्रिप्ट्स’मधलं ‘डीएससीव्हेरिफाय’ चालवावं. ते सहीबरोबर फाइलींचे चेकसमही तपासतं. फाइली हलवताना ‘डीसीएमडी’ वापरलं, तर डीएससीत नोंदलेल्या सगळ्या फाइली एकत्र जातात. ‘रेप्रेप्रो’ वापरणाऱ्यांना आणखी एक आधार आहे: त्याच नावाची, पण वेगळ्या चेकसमची फाइल ते स्वीकारतच नाही.

एवढी काळजी का घ्यायची, याचं उत्तर मार्च २०२४ मध्ये मिळालं. एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचा दरवाजा सापडला. तो उघडणाऱ्या बिल्ड स्क्रिप्टचा निर्णायक भाग प्रसिद्ध झालेल्या टारबॉलमध्ये होता, गिटमध्ये नव्हता. पॅकेज नेमकं कोणत्या टारबॉलमधून बनलं, हे चेकसमसकट जपलेलं असेल तरच असा शोध पुढे नेता येतो. शिवाय जीपीएलखालची पॅकेजं बाहेरच्यांना देत असाल, तर सोर्स उपलब्ध करणं ही परवान्याचीच अट आहे.

आता क्रमाचं सांगायचं, तर आधी ‘सोर्सेस’ आणि तिची दाबलेली रूपं बनवावीत, मग ‘एपीटी-एफटीपीआर्काइव्ह रिलीज’ने ‘रिलीज’ फाइल बनवावी आणि शेवटी जीपीजीची सही करावी. सहीनंतर ‘सोर्सेस’ला हात लावला, तर ‘रिलीज’मधला हॅश जुळत नाही आणि एपीटी ती नाकारतं. मिरर अर्धवट सिंक झाला असतानाही हेच दिसतं. त्यावर ‘बाय-हॅश’ फोल्डर ठेवण्याची सोय आहे, आणि ती जरूर वापरावी.

माझ्या मते सगळ्यात खात्रीची तपासणी कोऱ्या कंटेनरमध्ये होते. तिथे फक्त ‘डेब-एसआरसी’ची ओळ घालायची, ‘एपीटी-गेट सोर्स’ आणि ‘बिल्ड-डेप’ चालवायचं आणि पॅकेज खरोखर बांधून पाहायचं. या कंपनीत आता प्रत्येक अपलोडनंतर ही चाचणी आपोआप होते. ती नापास झाली, तर नवी यादी सर्व्हरवर चढत नाही.